छावणींतील चुली

पानपतच्या संग्रामाविषयींची एक दंतकथा आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली असते. लढाईच्या आदल्या रात्रीं अहमदशहा अब्दालीनें मराठ्यांच्या गोटाकडे नजर टाकली, तों अंधारांत जागोजाग शेंकडों लहान लहान विस्तव पेटलेले दिसले. हे विस्तव कसले, असें त्यानें विचारतांच, ‘ह्या लोकांत एका जातीचा माणूस दुसऱ्या जातीच्या हातचें खात नाहीं, म्हणून प्रत्येकाची चूल वेगळी,’ असें त्यास सांगण्यांत आलें. आणि जे एका पंक्तीस बसूं शकत नाहींत ते एका रांगेंत टिकणार नाहींत, असें म्हणून त्यानें आपला विजय तेव्हांच निश्चित मानला. कथा सुटसुटीत आहे, तिला तात्पर्य आहे, आणि व्याख्यानांत ती हमखास टाळ्या घेते. परंतु ज्या कथेचें तात्पर्य फारच सहज हातीं लागतें, तिच्याकडे इतिहासाच्या अभ्यासकानें थोड्या संशयानें पाहावें हें बरें.

त्या रात्रीची हकीकत काशीराज पंडितानें लिहून ठेवली आहे. काशीराज हा दक्षिणी ब्राह्मण. परंतु तो होता अयोध्येच्या शुजाउद्दौल्याच्या पदरीं, म्हणजे अब्दालीच्या बाजूस. त्याच्या लेखाप्रमाणें मराठ्यांच्या गोटांत दोन दिवस अन्नाचा कण कोणाच्या पोटांत गेला नव्हता. उपाशी मरण्यापेक्षां लढून मरूं, असें सरदारांनीं भाऊसाहेबांस सांगितलें, आणि उरलेंसुरलें धान्य एका पोटभर जेवणासाठीं लोकांस वांटून टाकण्यांत आलें. म्हणजे त्या छावणींत चुली किती होत्या हा प्रश्न मुळीं महत्त्वाचा नव्हता; चुलीवर चढवावयास कांहीं राहिलें नव्हतें, हें खरें संकट होतें. पराभवाचीं कारणें रसदेच्या वाटांवर, सेनापतींच्या मतभेदांत आणि उत्तरेंतील मित्रांच्या अभावांत शोधावयाचीं, तीं आपण भटारखान्यांत शोधीत बसलों.

तथापि त्या दंतकथेनें विचारलेला प्रश्न मात्र खोटा नाहीं. ज्यांचे देव वेगळे, ज्यांचें खाणेंपिणें वेगळें, ज्यांच्या प्रेतांचे संस्कारहि वेगळे, अशा माणसांनीं एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून मरावयास उभें राहावें, हें कशाच्या बळावर घडतें? आणि परस्परांच्या धर्माविषयींचा आदर म्हणून लष्करांत ज्याचा गौरव होतो, तो नेमका कोणत्या जातीचा आदर असतो? ह्या प्रश्नाचीं कांहीं उत्तरें इतिहासांत विखुरलेलीं आहेत. तीं एका ठिकाणीं मांडून पाहण्याचा येथें विचार आहे.

पानपतापासूनच आरंभ करूं. १४ जानेवारी १७६१ रोजीं मराठ्यांच्या डाव्या बगलेवर इब्राहिमखान गारदी आपल्या कवाइती पलटणी घेऊन उभा होता. फ्रेंच सरदार बुसी ह्याच्या तालमींत तयार झालेला हा मुसलमान सेनापति. त्याच्या गारद्यांचा पगार वेळेवर मिळावा म्हणून तो नेहमीं हट्ट धरी, आणि त्यावरून भाऊसाहेबांची त्याजवर मर्जी खप्पा होई. काशीराज सांगतो कीं, त्या दिवशीं सकाळीं इब्राहिमखानानें भाऊसाहेबांस मुजरा केला आणि म्हटलें कीं, आपण माझ्या पगाराच्या तगाद्याबद्दल माझ्यावर रागावत होतां. आज त्या पैशाचा मोबदला पाहून घ्यावा. नंतर त्यानें रोहिल्यांवर चाल केली. त्याच्या बहुतेक पलटणी त्या दिवशीं जागच्या जागीं नाहींशा झाल्या, आणि तो स्वतः जखमी होऊन शत्रूच्या हातीं सांपडला. शुजाउद्दौल्यानें त्यास लपवून वांचविण्याचा प्रयत्न केला. परंतु अब्दालीनें तो मागून घेतला आणि आठवड्याच्या आंत त्याचा अंत झाला. मुसलमान असून काफरांची चाकरी केली, हा त्याचा अपराध.

आतां दुसऱ्या बाजूकडे पाहावें. जिहादाच्या घोषणेनें जमविलेल्या त्या फौजेंत शुजाउद्दौल्याच्या निशाणाखालीं अनूपगीर गोसाव्याचे शस्त्रधारी संन्यासी होते. शुजा स्वतः शिया, अब्दाली आणि रोहिले सुन्नी. त्यांच्यामध्येंहि धर्माचा सांधा घट्ट नव्हता. लढाई संपल्यावर विश्वासरावाचें शव अफगाण शिपायांनीं मागितलें. त्यांत पेंढा भरून तें विजयचिन्ह म्हणून काबुलास न्यावें असा त्यांचा बेत होता. शुजानें मध्यें पडून तो बेत मोडला, आणि त्याच्या छावणींतील हिंदु मंडळींच्या हस्तें त्या तरुण पेशवेपुत्राचे संस्कार झाले. पानपताच्या मैदानावर दोन धर्म समोरासमोर उभे होते असें जे म्हणतात, त्यांनीं हीं दोन चित्रें एकमेकांशेजारीं ठेवून पाहावींत: हिंदूंच्या निशाणाखालीं प्राण वेंचणारा इब्राहिमखान, आणि आपल्या मित्रपक्षाशीं वाद घालून हिंदु शत्रूच्या प्रेताची विटंबना टाळणारा शुजाउद्दौला.

ह्या जुन्या सैन्यांत परस्परांस बांधणारा धागा धर्माचा नव्हता, तसा आजच्या अर्थानें राष्ट्राचाहि नव्हता. तो मिठाचा होता. ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं इमान राखावयाचें, आणि मीठ घालणाऱ्यानें चाकराच्या धर्मास हात लावावयाचा नाहीं, असा तो दुहेरी करार असे. शिवाजीमहाराजांनीं हा करार राज्याच्या नीतीस नेऊन पोंचविला. त्यांच्या आरमारांत दर्यासारंग आणि दौलतखान हे अधिकारी होते. त्यांच्या आरंभींच्या पायदळाचा सरनोबत नूरबेग होता. महाराजांविषयीं एक चांगला शब्द लिहितांना ज्याची लेखणी अडखळे त्या खाफीखानासहि हें नमूद करावें लागलें कीं, मशिदींस, कुराणास आणि कोणाच्याहि स्त्रीस उपद्रव द्यावयाचा नाहीं असा त्यांचा सैन्यास सक्त हुकूम होता, आणि कुराणाची प्रत हातीं आल्यास ते ती आदरानें आपल्या मुसलमान चाकरांपैकीं कोणास तरी देत. शत्रूच्या लेखणींतून उतरलेली ही साक्ष दहा बखरींहून मोलाची आहे.

पुढें कंपनी सरकारची सत्ता आली आणि तिच्या मुंबई इलाख्याच्या पलटणी उभ्या राहिल्या. बंगालच्या सैन्यांत उच्चवर्णीयांचा भरणा होता व सोंवळ्याओंवळ्याचें प्रस्थ मोठें होतें. मुंबईच्या पलटणींत मात्र कोंकणांतील आणि देशावरील मराठे, महार, मुसलमान, परदेशी आणि बेनेइस्राएल एकाच कंपनींत कवाईत करीत. कोरेगांवच्या विजयस्तंभावर १८१८ च्या लढाईंत पडलेल्या देशी शिपायांचीं जीं नांवें कोरलीं आहेत, त्यांपैकीं २२ नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हा महारांचा प्रत्यय आहे. बाकीचीं नांवें इतर जातींचीं आणि धर्मांचीं आहेत. मेल्यावर का होईना, तीं सर्व एकाच दगडावर आलीं.

बेनेइस्राएलांचें उदाहरण तर आपल्या घरचें म्हणावें इतकें जवळचें आहे. कोंकणांत तेलाचे घाणे चालविणारे, शनिवारीं घाणा बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ ह्या नांवानें ओळखले जाणारे हे मराठी बोलणारे यहुदी लोक कंपनीच्या पलटणींत मोठ्या संख्येनें शिरले आणि सुभेदारीपर्यंत चढले. त्यांपैकीं सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युअल इझिकेल दिवेकर, हे टिपू सुलतानाच्या कैदेंत पडले. टिपूच्या आईनें, हे लोक कुराणांत उल्लेखिलेल्या बनी इस्राएलांचे वंशज आहेत असें कळल्यावर, त्यांच्यासाठीं रदबदली केली, अशी त्या समाजांत परंपरा आहे. सुटून आल्यावर केलेल्या नवसाप्रमाणें दिवेकरांनीं १७९६ सालीं मुंबईंत त्या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. इंग्रजांच्या चाकरींतील मराठी यहुदी, मुसलमान राजाच्या बंदींत, एका मुसलमान मातेच्या शब्दानें वांचला, ही परंपरा अक्षरशः खरी असो वा नसो; ती एका समाजानें पिढ्यान् पिढ्या कृतज्ञतेनें जतन केली, हेंच तिचें मोल.

ह्या कराराचा भंग झाला म्हणजे काय होतें, तें १८०६ सालीं वेलोर येथें दिसून आलें. मद्रासच्या सैन्याचे सेनापति सर जॉन क्रॅडक ह्यांच्या नव्या नियमांनीं शिपायांस कवाइतीच्या वेळीं कपाळावर गंधाची मुद्रा लावण्यास व कानांत भिकबाळ्या घालण्यास बंदी झाली. हनुवटी साफ ठेवण्याचा हुकूम सुटला. आणि टोपीसारखें दिसणारें, चामड्याचा तुरा लावलेलें नवें पागोटें डोक्यावर आलें. गंधाचा हुकूम हिंदूच्या जिवारीं लागला, दाढीचा मुसलमानाच्या, आणि चामड्याचा दोघांच्या. १० जुलै रोजीं पहांटे किल्ल्यांतील शिपाई उठले आणि त्यांनीं सुमारें शंभरावर गोऱ्या लोकांस ठार केलें. त्याच दिवशीं अर्काटाहून आलेल्या घोडदळानें त्यांचा भयंकर सूड घेतला. टिपूचे पुत्र त्या किल्ल्यांत नजरकैदेंत होते आणि त्यांच्या नांवानें निशाण उभारलें गेलें, हें खरें. परंतु त्या निशाणाखालीं हिंदु शिपाई धांवून आले ते टिपूच्या प्रेमानें नव्हे. सरकारला अखेर ते नियम मागें घ्यावे लागले, आणि गव्हर्नर बेंटिंक व सेनापति क्रॅडक ह्या दोघांसहि परत बोलावण्यांत आलें. दुसऱ्याच्या गंधाचा अपमान हा आपल्या दाढीचाहि अपमान आहे, हें त्या शिपायांस कोणीं शिकविलें नव्हतें. हुकूम काढणाऱ्यांनींच तें त्यांस शिकविलें.

हाच धडा १८५७ सालीं, अधिक मोठ्या अक्षरांत, काडतुसांच्या चरबीनें लिहिला गेला. गाय आणि डुक्कर हीं दोन नांवें एकाच काडतुसाशीं जोडलीं गेलीं आणि दोन धर्मांचे शिपाई एकाच बाजूस उभे राहिले. मुंबईचें सैन्य मुख्यत्वें शांत राहिलें. तरी ३१ जुलै रोजीं कोल्हापुरांत २७ वी पलटण उठलीच. उठाव मोडल्यावर राज्यकर्त्यांनीं ह्या अनुभवाचा जो अर्थ काढला तो मात्र विचार करण्याजोगा आहे. शिपायांच्या धर्मास हात लावूं नये, हा त्याचा एक भाग. आणि शिपायांच्या धर्मांत अंतर राखावें, हा दुसरा. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन ह्यांनीं १८५९ सालीं आपल्या टिपणांत फोडा आणि राज्य करा हें जुनें रोमन सूत्र उघडपणें पुरस्कारिलें. पुढील चाळीस वर्षांत पलटणींची रचना जातवार आणि धर्मवार होत गेली. एका कंपनींत शीख, दुसरींत पंजाबी मुसलमान, तिसरींत डोग्रे, अशी वांटणी झाली. प्रत्येकाचा देव, प्रत्येकाचा सण आणि प्रत्येकाची चूल सरकारी खर्चानें सांभाळली जाऊं लागली.

ह्या व्यवस्थेस केवळ कपट म्हणणें हा अन्याय होईल, आणि तिला केवळ आदर म्हणणें हा भाबडेपणा होईल. ती दोन्हीहि होती. तिची किंमत कोणीं दिली हें पाहावयाचें तर महारांकडे पाहावें. कोरेगांवच्या स्तंभावर ज्यांचीं नांवें, त्यांच्याच नातवापणतवांस १८९२-९३ च्या सुमारास पलटणींचीं दारें बंद झालीं. कारण आतां ‘लढाऊ जाती’ ठरविण्यांत आल्या होत्या, आणि ज्याच्याबरोबर उच्चवर्णीय शिपाई एका बरॅकींत राहण्यास राजी नसे, त्याला भरती करणें गैरसोईचें झालें होतें. एकाच्या धर्माचा आदर करतां करतां दुसऱ्याच्या माणुसकीचा अनादर झाला. गोपाळबुवा वलंगकरांपासून डॉ. आंबेडकरांपर्यंतच्या पुढाऱ्यांस त्यासाठीं झगडावें लागलें, आणि स्वतंत्र महार रेजिमेंट उभी राहावयास १९४१ साल उजाडावें लागलें.

वेगळ्या चुलींच्या ह्या धोरणाचें सर्वांत सुबक रूप पहिल्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें पाहावयास मिळालें. १९१४ च्या हिंवाळ्यांत फ्रान्सच्या चिखलांत घायाळ झालेले हिंदी शिपाई समुद्रकांठच्या ब्रायटन शहरीं आणण्यांत आले आणि तेथील राजवाड्याचें इस्पितळ झालें. तेथें नऊ स्वैंपाकघरें उभारण्यांत आलीं. हिंदूंसाठीं व मुसलमानांसाठीं पाण्याचे नळ निराळे, पाट्या तीन लिप्यांत, शिखांसाठीं तंबूंतील गुरुद्वार, आणि मुसलमानांसाठीं मक्केकडे तोंड करून नमाज पढण्याची जागा, अशी सर्व सिद्धता होती. जे मुसलमान तेथें निवर्तले त्यांस वोकिंगच्या मशिदीजवळ दफन करण्यांत आलें. हिंदु आणि शीख अशा ५३ शिपायांचें दहन पॅचमच्या टेंकडीवर झालें, आणि त्या जागीं बांधलेल्या संगमरवरी छत्रीचें अनावरण १९२१ सालीं झालें. राज्यकर्त्यांस ह्या व्यवस्थेचा बोभाटा हवा होता, हें खरें. तरीहि परमुलखांत मरणाऱ्या एखाद्या खेडवळ शिपायास आपल्या देहाचा शेवट आपल्या रीतीप्रमाणें होणार आहे एवढी खात्री मिळाली असेल, तर तें समाधान थोडें म्हणतां येणार नाहीं.

परंतु जेथें नऊ स्वैंपाकघरें उभारतां येत नाहींत तेथें काय? ह्याचें उत्तर कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत मिळतें, आणि तें महाराष्ट्रास विशेष जवळचें आहे; कारण तेथें कोंडलेली फौज म्हणजे सहावी, अर्थात् पुणें डिव्हिजन, आणि तिच्यांत १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. टेसिफनच्या लढाईंतून मागें हटलेल्या जनरल टाउनशेंडच्या ह्या फौजेला तैग्रिस नदीच्या एका वळणांत तुर्कांनीं ७ डिसेंबर १९१५ रोजीं घेरलें. वेढा जवळजवळ पांच महिने चालला. धान्य सरत आलें तेव्हां घोडीं आणि खेंचरें कापण्यास सुरुवात झाली. गोऱ्या सोजिरांनीं तें मांस खाल्लें. हिंदु शिपायांनीं नाकारलें, आणि मुसलमान शिपायांनींहि नाकारलें.

हिंदुस्थानांतील धर्मगुरूंकडून बिनतारी यंत्रानें परवानग्या आणविण्यांत आल्या: प्राणसंकटांत हें अन्न निषिद्ध नाहीं. तरीहि बहुतेक शिपाई कित्येक आठवडे बधले नाहींत. शास्त्राची परवानगी मिळाली होती. परंतु शिपायाला भय शास्त्राचें नसून गांवाचें होतें. परत गेल्यावर पंचायत काय म्हणेल, भाऊबंद पंक्तीस घेतील कीं नाहीं, घरांतल्या लग्नकार्यांचें काय होईल, ह्या प्रश्नांस कोणत्याहि तारेंत उत्तर नव्हतें. त्या काळांत रोगानें जो पंक्तिप्रपंच केला तो वैद्यांनीं नोंदला आहे: पांढरा पाव आणि घोड्याचें मांस खाणाऱ्या गोऱ्यांस बेरीबेरी झाली, आणि मांस नाकारणाऱ्या हिंदी शिपायांस रक्तपितीसारखा स्कर्व्ही. नदीकांठचा पाला उकडून खाण्याची पाळी आली. अखेर एप्रिलमध्यें, दुर्बळ झालेल्या शिपायांच्या जागा दुसऱ्यांस देण्याची तंबी मिळाल्यावर, हजारोंनीं तें मांस घेतलें. २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत पडलें, आणि सुमारें १३,००० लोक कैदेच्या वाटेला लागले; त्यांतील पुष्कळ परत आले नाहींत.

ह्या हकीकतीवर दोन प्रकारचीं माणसें दोन प्रकारचे निवाडे देतात. एक म्हणतात, हा केवढा मूर्खपणा! दुसरे म्हणतात, ही केवढी धर्मनिष्ठा! मला दोन्ही निवाडे उथळ वाटतात. शिपाई प्राण देण्यास तयार असतो तो कांहीं तरी राखण्यासाठीं. त्यानें आपल्या घरीं ज्या नांवानें परत जावयाचें तें नांव हा त्या राखण्याचा भाग असतो. त्याच्या निग्रहास हंसणारानें आपण कशासाठीं उपाशी राहूं, हा प्रश्न स्वतःस आधीं विचारावा. पण त्याबरोबर हेंहि विसरूं नये कीं, ज्या समाजानें त्या शिपायांच्या मनांत हें भय पेरलें होतें, तो समाज त्या वेळीं सुखानें जेवीत होता. टेसिफनला त्यांचें शौर्य खर्चीं पडलें. कुतला आमच्या पंचायती त्यांच्या छातीवर बसल्या.

पुढील पिढीनें हा पेंच वेगळ्या रीतीनें सोडविला. २३ एप्रिल १९३० रोजीं पेशावरांत गढवाली पलटणीच्या हिंदु शिपायांस निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडण्याचा हुकूम झाला, तेव्हां चंद्रसिंह गढवाली आणि त्याचे सोबती ह्यांनीं तो पाळण्याचें नाकारलें आणि कारावास पत्करला. धर्मानुसार वेगळ्या केलेल्या पलटणी वेळीं एकमेकींविरुद्ध उपयोगीं पडतील, हा जुना हिशेब त्या दिवशीं चुकला. नंतर आग्नेय आशियांत सुभाषचंद्रांच्या आझाद हिंद फौजेनें निराळ्या चुली मोडून एकच स्वैंपाक सुरू केला. इत्तेहाद, एतमाद आणि कुर्बानी, म्हणजे ऐक्य, विश्वास आणि बलिदान, हे तिचे ब्रीदशब्द होते. सिंगापुरांतील चेट्टियारांच्या देवळांत सुभाषबाबूंस निमंत्रण आलें, तेव्हां माझ्या सर्व धर्मांच्या आणि जातींच्या सहकाऱ्यांस प्रवेश असेल तरच मी येईन, अशी अट त्यांनीं घातली. आणि ती मान्य झाल्यावर आबिद हसन ह्यांच्यासारखे मुसलमान अधिकारी त्यांच्याबरोबर गाभाऱ्यापर्यंत गेले. येथें आदराचा अर्थ पालटला. ‘तुझें तुझ्याजवळ, माझें माझ्याजवळ’ हा जुना अर्थ; ‘तुला वगळून मला देवदर्शनहि नको’ हा नवा. १९४५ च्या नोव्हेंबरांत लाल किल्ल्यांत शाहनवाझखान, सहगल आणि धिल्लन हे एक मुसलमान, एक हिंदु आणि एक शीख एकाच आरोपींच्या पिंजऱ्यांत उभे केले गेले, तेव्हां त्या नव्या अर्थास सरकारनें न मागतां साक्ष दिली.

आणि तरीहि दोन वर्षांच्या आंत देश दुभंगला. सैन्याची वांटणी झाली. पलटणी, तोफा, मेसमधील चांदीचीं भांडीं, सर्वांचे हिस्से पडले. ऑगस्ट १९४७ मध्यें दिल्लीस निरोपाचा समारंभ झाला, त्यांत करिअप्पांनीं पाकिस्तानांत जाणाऱ्या सोबत्यांस एक रौप्य स्मृतिचिन्ह अर्पण केलें: हिंदु आणि मुसलमान असे दोन शिपाई शेजारीं शेजारीं उभे, बंदुका एकाच शत्रूकडे रोखलेल्या. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत काश्मिरांत त्याच बंदुका एकमेकांकडे वळल्या. त्या सायंकाळीं डोळे पुसणारे अधिकारी ढोंगी होते काय? मुळींच नाहीं. परंतु मेसच्या भिंतींआडचा स्नेह, बाहेर रस्त्यावर पेटलेला वणवा विझवूं शकत नाहीं. लष्कर हें समाजाहून थोडें बरें असूं शकतें. समाजाहून फार वेगळें तें फार काळ राहूं शकत नाहीं.

त्या अंधारांत ब्रिगेडिअर महंमद उस्मान ह्यांचें चरित्र एखाद्या दिव्यासारखें दिसतें. बलुच रेजिमेंटचा हा अधिकारी फाळणीनंतर हिंदुस्थानांतच राहिला. नौशेरा-झंगड भागांत त्यानें ज्या ५० व्या छत्री ब्रिगेडचें नेतृत्व केलें, तिच्यांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची छत्रीधारी पलटण होती. शिवाजीमहाराजांच्या नांवाचा जयघोष करणारे मावळे त्या दिवसांत एका मुसलमान सेनापतीच्या शब्दावर डोंगर चढत होते, आणि त्यांत कोणास कांहीं नवल वाटत नव्हतें. हें नवल न वाटणें हीच खरी मिळकत. डिसेंबर १९४७ मध्यें हातचें गेलेलें झंगड १८ मार्च १९४८ रोजीं परत मिळालें. तें मिळेपर्यंत उस्मान खाटेवर निजले नाहींत असें सांगतात. ३ जुलै रोजीं तेथेंच तोफेच्या गोळ्यानें त्यांचा अंत झाला. त्यांस मरणोत्तर महावीरचक्र मिळालें. दिल्लीस जामियाच्या आवारांत ते चिरनिद्रा घेत आहेत, आणि त्यांच्या अंत्ययात्रेस पंतप्रधान नेहरू स्वतः उपस्थित होते. इब्राहिमखानास जो प्रश्न अब्दालीनें विचारला होता, तोच प्रश्न उस्मानांसहि त्या वेळच्या कित्येकांनीं विचारला असेल. दोघांनींहि एकच उत्तर दिलें; मात्र मधल्या १८७ वर्षांत मिठाच्या जागीं माती आली होती.

आज भारतीय सैन्यांत सर्वधर्मस्थळ नांवाची संस्था रूढ आहे. एकाच छपराखालीं मूर्ति, ग्रंथसाहेब, कुराण आणि क्रूस असतात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री हे धर्मशिक्षक सैन्याचेच अधिकारी असतात. आणि अधिकाऱ्यानें आपला धर्म कोणताहि असो, आपल्या जवानांच्या पूजेंत त्यांच्याबरोबर उभें राहावें, अशी परंपरा आहे. १६ डिसेंबर १९७१ च्या ढाक्याच्या विजयामागें माणेकशा हे पारशी, अरोरा हे शीख आणि जेकब हे यहुदी सेनानी होते, ही गोष्ट पुष्कळांस माहीत असते. परंतु अडचणी संपल्या असें नाहीं. एक ख्रिस्ती अधिकारी पलटणीच्या पूजेस हजर राही, पण गाभाऱ्यांत जाण्यास आपला धर्म आड येतो असें म्हणे. त्याची बडतर्फी दिल्ली उच्च न्यायालयानें आणि नंतर सर्वोच्च न्यायालयानें २०२५ सालीं कायम केली. शिस्तीच्या दृष्टीनें हा निर्णय समजण्याजोगा आहे; ज्यांस मरणाच्या दारांत न्यावयाचें त्यांच्या देवाच्या दारांतून अधिकाऱ्यानें मागें फिरूं नये, हें म्हणणें पोकळ नाहीं. तरीहि वेलोरचा इतिहास वाचलेल्या माणसाच्या मनास थोडी रुखरुख लागते. दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर आणि स्वतःच्या श्रद्धेचें पालन ह्यांमधील उंबरठा कोठें असावा, हें हुकमानें ठरवितां येतें. पटवून देणें हुकमाच्या हातीं नसतें.

ह्या सर्व हकीकतींतून जें एक सूत्र निघतें तें असें दिसतें. चुली वेगळ्या असणें हा दोष नव्हे, आणि चूल एक असणें हा केवळ तेवढ्यानेंच गुण नव्हे. ब्रायटनच्या नऊ चुलींमागें करुणा होती तसाच हिशेबहि होता. आझाद हिंद फौजेच्या एका चुलीमागें ध्येय होतें, पण तें ध्येय फाळणी टाळूं शकलें नाहीं. कसोटीची जागा चुलीपाशीं नसून प्रेतापाशीं आहे. मी पडलों तर माझा हा परधर्मी सोबती माझ्या देहास माझ्या रीतीनें निरोप देईल, आणि माझ्या घरीं जाऊन माझें नांव आदरानें घेईल, एवढा भरंवसा ज्या दोन शिपायांस एकमेकांचा वाटतो, त्यांनीं एका ताटांत जेवावें कीं दोन ताटांत, हा प्रश्न दुय्यम आहे. शुजानें शत्रूच्या प्रेतास दिलेला मान हा आदर होता. १८९२ नंतर जिवंत महाराच्या तोंडावर लावलेलें दार हा आदर नव्हता, मग त्याला धर्मरक्षण हें नांव कितीहि दिलें तरी.

अब्दालीची ती दंतकथा आपण मुलांस सांगत राहूं, कारण दंतकथा मरत नाहींत. पण सांगतांना तिच्या शेवटीं एवढें जोडावें कीं, त्या रात्रीं जर त्यानें खरोखरच तिकडे पाहिलें असेल, तर त्या शेंकडों विस्तवांत एक विस्तव गारद्यांचाहि होता. आणि दुसऱ्या दिवशीं मराठ्यांच्या निशाणासाठीं जे जागच्या जागीं मेले त्यांत त्या चुलीवर जेवलेले लोक कोणाच्याहि मागें नव्हते.